न्हाणीखालची भेग

थोरल्या जाऊबाई न्हाणीत पाणी ओतायच्या ते माझ्या नावानं, असं मी आजही म्हणते. वाटणीत भवानी पेठेतलं वरचं घर थोरल्या दिरांना गेलं आणि खालचं तळघर आमच्या पदरात पडलं. तिथं ह्यांचा माग होता. नेमकी त्यावर जाऊबाईंची न्हाणी. तळघराच्या भिंतीला भली मोठी भेग होती, तिच्यातून सगळं पाणी आमच्याकडं झिरपायचं. ह्यांना खोकला लागला तो हटेना. वैद्यांनी बजावलं, ओल बंद करा, नाहीतर छाती कामातून जाईल.

मी वर जाऊन सांगितलं. जाऊबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. "आमी आंघुळी सोडाव्या व्हय? लई तरास हुतोय तर बिऱ्हाड हलवा की."

मी गवंडी आणला. त्यानं भेग छिन्नीनं रुंद केली, आत विटांचे तुकडे ठोकले आणि गूळ-हिरड्याचं पाणी घालून मळलेला चुना दाबून भरला. चुना वाळेपर्यंत न्हाणीत पाणी सांडू नका, म्हणून त्यानं जाऊबाईंना हात जोडले. त्याच दुपारी बाईनं घरातल्या सगळ्या गोधड्या न्हाणीत धुवायला काढल्या. चुना भिंतीवरून ओघळून मागाच्या खड्ड्यात आला. त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात जाळलं.

पुढं ती माहेरी करकंबला गेली तेव्हा मी गवंड्याला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी चुना धरला. ती परत आली, पाणी ओतू लागली, पण खाली थेंब येईना. भिंत कोरडी झाली, ह्यांचा खोकलाही उतरला. मी जिंकले होते.

मग उन्हाळा लागला आणि मागावरच्या ताण्याचे उभे धागे तटातट तुटू लागले. सुताला ओल हवी असते, कोरडं पडलं की ते ठिसूळ होतं. मी जमीन शिंपली, ओली पोती टांगली, पण दुपारपर्यंत सगळं वाळून जाई. लग्नसराईची लुगडी मागावर अडकून पडली. एका सकाळी ह्यांनीच छिन्नी उचलली आणि भेग फोडायला घेतली.

मी हात धरला. "आवं, छातीचं काय?"

"छाती माजी हाय. लुगडी लोकांची हायत."

तेव्हापासून जाऊबाईंना आंघोळीला उशीर झाला की माझा जीव खालीवर व्हायचा. वर पाणी पडलं की मला हायसं वाटायचं, आणि मागावर बसून हे खोकू लागले की मी तिला शिव्या द्यायची.