ओरिजिनल डिस्क

बाबांच्या डोळ्यांत रक्तस्राव झाला तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते. उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्याने टीव्हीपासून हातभर अंतरावर बसलं की त्यांना बातम्यांखालची पट्टी वाचता यायची. आधी कितीतरी वर्षं ते भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बसून छोट्या कारखान्यांसाठी सर्किट बोर्डांची डिझाइन्स करत. मग सगळीकडे नवीन सॉफ्टवेअर आलं, कारखानेवाले स्वतःची माणसं ठेवायला लागले आणि गाळा सुटला. बाबांचा कॉम्प्युटर भाईंदर पश्चिमेला आमच्या घरी आला, थेट माळ्यावर.

एक दिवस त्यांच्या एका जुन्या शेठचा फोन आला. ते लिफ्टचे कंट्रोल पॅनल बनवायचे. बाबांना नीट दिसत नाही म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"मास्टर, तुमचा बोर्ड मरत नाय ओ. पण त्याच्यावरचा रिले मेला. कंपनीने बनवायचाच बंद केला. नवीन रिलेचे पाय वेगळे आहेत, तुमच्या बोर्डाच्या भोकांत बसत नाहीत. तेवढं बदलून द्या ना, आठ दिवसांत."

"आठ कशाला? फाइल उघडली की दोन दिवसांचं काम," बाबा म्हणाले.

गाळा सुटल्यापासून त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. कुठे जायचं नसूनही त्या दिवशी त्यांनी दाढी केली. चहा पिताना मला म्हणाले, "डोळे तुझे, डोकं माझं. करू आपण." मी मान हलवली आणि लगेच आठवलं की त्यांना ती दिसली नसेल, म्हणून "हो" म्हणाले. या एका बोर्डावर त्यांनी काय काय बांधायला घेतलंय ते मला तेव्हाच कळलं होतं.

कॉम्प्युटर सुरू व्हायला तीन दिवस गेले. आतली बॅटरी गळून शेजारचं तांबं हिरवं झालं होतं. ते खरवडून साफ केलं. पॉवर सप्लाय मीरा रोडच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. "मॅडम, ये तो म्यूज़ियम का माल है," असं म्हणत त्याने तो दिला. हार्डडिस्क कुरकुरत फिरली आणि काळ्या पडद्यावर सॉफ्टवेअरचं नाव आलं. बाबा खुर्ची ओढून इतके जवळ बसले की त्यांचा श्वास काचेवर उमटत होता.

खाली एक ओळ आली: ओरिजिनल डिस्क ड्राइव्हमध्ये घाला.

चोरून कॉपी होऊ नये म्हणून तेव्हाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असे. सुरू करताना दरवेळी विकत घेतलेली मूळ फ्लॉपीच द्यावी लागे. नक्कल चालत नसे.

"कपाटात, वरच्या कप्प्यात," बाबा म्हणाले.

"ती कुठे जाणार? त्या चकतीला जपलंत तेवढं डोळ्यांना जपलं असतंत तर बरं झालं असतं," आई आतून म्हणाली.

डिस्क कुठे आहे ते मला माहीत होतं. ती कशी आहे, तेही मला कपाटाकडे जाताना आठवत गेलं.

गाळ्यात दसऱ्याला बाबा पाटावर मल्टिमीटर, सोल्डरिंगची गन, पक्कड आणि ती फ्लॉपी मांडून पूजा करायचे. फ्लॉपी मोठी, पातळ, जुन्या पद्धतीची. ते तिला कागदी पाकिटातच ठेवत आणि कुंकू पाकिटाला लावत. गाळा गेल्यावर पूजा घरी होऊ लागली आणि ती माझ्याकडे आली. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, म्हणून जे करायचं ते नीट करावं असं वाटायचं. पाकिटाची पूजा म्हणजे देवाच्या डब्याची पूजा, असं वाटून मी डिस्क बाहेर काढायचे. तिला मध्ये एक उघडी खाच होती आणि त्यातून आतली तपकिरी, चकचकीत चकती दिसायची. मला ते कपाळ वाटायचं. पाच दसरे मी तिथेच हळद-कुंकू लावलं, ओल्या बोटाने.

कापसाला स्पिरिट लावून मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी पुसायला घेतलं. कापूस आधी लाल झाला, मग तपकिरी. तो तपकिरी रंग म्हणजेच डिस्कवर लिहिलेलं सगळं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं.

तरी मी ती ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घासल्यासारखा आवाज करत राहिला आणि तीच ओळ पुन्हा आली.

पुढचे दोन दिवस मी सायबर कॅफेत बसले. जुन्या सॉफ्टवेअरच्या एका फोरमवर लिहिलं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. कुठल्या तरी देशातल्या एकाने आधीची आवृत्ती पाठवली, डिस्क न मागणारी. ती सुरू झाली, पण बाबांची फाइल तिच्यापेक्षा नवीन होती. पडदा रिकामाच राहिला.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"डिस्क खराब झालीय."

"कशाने?"

"बुरशी असेल. दमट हवेने."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "खाडीची हवा," म्हणाले. "मीच डब्यात बंद करून ठेवायला हवी होती." मग त्यांनी मला शेठचा नंबर लावायला सांगितला.

"नाही जमत, शेठ. चूक माझी. मला डिस्क सांभाळता आली नाही."

"अरे सोडा ओ, मास्टर. बोरिवलीला एक जण आहे, बोर्ड स्कॅन करून नवीन काढतो. तुमच्याकडे पार्ट न लावलेला कोरा बोर्ड असेल तर माणूस पाठवतो."

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस दारात उभा राहिला, चपला न काढता. बाबांनी जपून ठेवलेला कोरा बोर्ड लगेच दिला नाही. त्यावरून बोट फिरवत सांगू लागले, "हा तांब्याचा ट्रॅक रुंद ठेवायला सांग. मोटरचा करंट इथून जातो. आणि इथे अंतर कमी करू नका, पावसाळ्यात ठिणगी पडते." माणूस मोबाइलवर भलतंच काहीतरी टाइप करत "हो काका, हो काका" म्हणत होता. बाबा शेवटपर्यंत बोलले. बोर्डाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत.

दार बंद झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "लिहून घेतलं ना त्याने सगळं?"

"हो," मी म्हणाले.