पूजेत मांडलेलं रिव्हॉल्व्हर

शशीकाका मोकाशी ब्रिस्टलला विमानांचे सुटे भाग बनवण्याच्या कामात चौतीस वर्षं होते. रिटायर झाले, पण हात काही स्वस्थ बसेनात. आता कुणाचा टोस्टर, कुणाची केटल, शिवाय मराठी मंडळाच्या नाटकांचं सगळं सामान, हे त्यांच्या शेडमध्ये. माणूस हौशी, पण हट्टी म्हणजे किती! खंडेनवमीला हत्यारं पूजेत मांडली की दसरा उलटेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. वडील खडकीच्या कारखान्यात होते, त्यांचा हा नियम. एका नवमीला बाथरूमचा नळ गळायला लागला, तर पठ्ठ्यानं दोन दिवस खाली बादल्या लावल्या, पण पाना उचलला नाही.

सुप्रभाकाकू म्हणजे त्यांची बायको, हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स. गेल्या वर्षी नाटकात काकूंनी खलनायकावर रिव्हॉल्व्हर रोखलं आणि त्या खेळण्यातल्या रिव्हॉल्व्हरची नळी टपकन गळून पडली. अख्खा हॉल खो खो हसला. घरी येऊन काकू म्हणाल्या, "सत्तरीत शोभा झाली. पुरे आता." यंदा त्याच नाटकाचे दोन प्रयोग ठरले, एक इथे आणि दुसऱ्या दिवशी वॉटफर्डला, तेव्हा काका म्हणाले, "नळीचं माझ्यावर सोड." त्या शब्दावर बिचारी पुन्हा उभी राहिली.

काकांनी नळी ग्लूनं चिकटवली आणि स्वतःच्या कामावर इतके खूश झाले, की नवमीच्या सकाळी ते रिव्हॉल्व्हर पाने-पकडींच्या मधोमध मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला. आणि प्रयोग त्याच संध्याकाळी! आता बोला!

दुपारी काकू बॅग भरायला आल्या. नियम-बियम न बघता त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं, तर नळी डुगडुगली.

"अहो, ही हलतेय."

काकांनी हात न लावता वाकून बघितलं. "स्क्रू बसवायला हवा. पण आज..."

"आज काय? कितीतरी नवम्यांना मी वॉर्डात ड्यूटीवर होते. कात्र्या पूजेत ठेवून बसले असते, तर पेशंटांनी काय करायचं होतं?" काकूंचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. "जाऊ दे. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मंजिरीला सांगते, तीच करेल माझं काम. तिचं पाठ आहे."

ते 'जाऊ दे' काकांना लागलं. ती भांडली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. त्यांनी हात जोडले, "बाबा, माफ करा" म्हणाले आणि पूजेतला स्क्रूड्रायव्हर उचलला.

जुना ग्लू खरवडल्यावर कळलं, नळीची खोबणच झिजली होती. तिथे नुसता ग्लू काय धरणार, कपाळ? मग त्यांनी ड्रिंकच्या रिकाम्या कॅनची पातळ पट्टी कापली, नळीच्या बुडाला गुंडाळली, नळी ठोकून बसवली आणि खालून एक नवा बारीक स्क्रू पिळला. काकूंनी नळी धरून चांगली हिसडून पाहिली. हलली नाही. दोघांनी मग निवांत चहा घेतला.

संध्याकाळी गोळी सुटली, खलनायक पडला, हॉल चिडीचूप. पडदा पडल्यावर काकू धावत विंगेत आल्या.

"कसं झालं?"

"एक इंच हलली नाही!"

"नळी नाही हो. मी कशी केली?"

पूर्ण प्रवेशभर काकांनी नळीवरची नजर काढली नव्हती. खोटं बोलता येईना, तसं त्यांनी ते सांगून टाकलं.

"उद्या वॉटफर्डला विंगेत यायचं नाही," काकू म्हणाल्या. "समोर बसायचं. माझ्याकडे बघायचं."

दुसऱ्या दिवशी काका दुसऱ्या रांगेत बसले. हातात काही नाही, काम काही नाही, नुसतं बघायचं. आणि सुप्रभा काय उभी राहिली स्टेजवर! तिचे डोळे, तो थरथरता ओठ, ती मान. चाळीस वर्षांच्या संसारात हे आपण बघितलंच नव्हतं, या जाणिवेनं काकांना भरून आलं. टाळ्या थांबल्या तरी हे वाजवतच होते.

परतीच्या वाटेवर गाडीत मागून कुणीतरी विचारलं, "काका, आज नळी नीट राहिली ना?"

काका काकूंकडे बघून हसले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.