बाबांनी उचललेली चाल

हल्ली कुठे चार गाणी म्हटली की कुणीतरी माईक पुढे करून विचारतं, "तुमच्यावर संगीताचे संस्कार कुणाचे?" या प्रश्नाने माझं डोकं उठतं. बाकीच्या मुली परदेशी गायकांची नावं घेतात. मला खरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागेल की लालबागच्या आमच्या एका खोलीत बाबा आणि त्यांचे झांजवाले दर गुरुवारी माझ्या अभ्यासाच्या वेळेला भजन करायचे. संस्कार कसले, मला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

बाबा बँकेत शिपाई, आणि उरलेला सगळा वेळ डबलबारीचे बुवा. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एक बुवा गातो, दुसरा गाण्यातूनच टोमणे मारत त्याला उत्तर देतो आणि आमची कोकणातली माणसं कुस्ती बघावी तशी ती बघतात. सरावाच्या दिवशी पखवाजाला लावायला कणीक लागायची, ती आईच्या परातीतून जायची. बाबा म्हणायचे, "देवाच्या कामाला जाते ना." आई म्हणायची, "मग देवाकच सांगा चपात्यो लाटूक."

बारीत सगळ्यात चढा प्रकार म्हणजे गजर. गजराला चाल लागते आणि ती कुठूनही उचलायची, हा आमच्याकडचा रिवाज. सिनेमातलं गाणं, जाहिरात, कव्वाली, काहीही. मूळ शब्द काढायचे, देव बसवायचा. चाल कुणाची, हे बुवा सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. त्यामुळे मी निम्मी सिनेमाची गाणी आधी देवाच्या नावाने शिकले. शाळेच्या गॅदरिंगला एका मुलीने कुठल्याशा प्रेमगीतावर नाच केला, तेव्हा मी बाईंकडे तक्रार घेऊन गेले की हिने आमच्या बाबांचं भजन चोरलंय. बाईंनी ते स्टाफरूममध्ये सांगितलं. पुढे कितीतरी दिवस सगळे शिक्षक मला बघून हसायचे.

कॉलेजात असताना मी जुनी गिटार घेतली. घरात ती वाजवायची जागा मोरीचा कट्टा, कारण तिथे आवाज बरा घुमतो. माझं पहिलं धड गाणं तिथेच झालं. एक मुलगा होता. त्याने मला दादरच्या चौपाटीवर बोलावलं आणि स्वतः आला नाही, पुढे कधीच आला नाही. "यायचं नव्हतं तर सांगायचं होतंस, मी केस तरी धुतले नसते," असं ते गाणं. मी कट्ट्यावर बसून ते रोज घासायची आणि बाबा समोर पेपर वाचत असायचे. कधी मान वर केली नाही. यांना माझं गाणं ऐकूच येत नाही, असं वाटून मला वाईट वाटायचं.

मग परळच्या एका हॉलमध्ये त्यांची बारी होती. गजराला त्यांनी सूर लावला आणि माझ्या हातातला वडा हातातच राहिला. माझी चाल. जिथे मी केस धुतले होते तिथे गजानन उंदरावर बसून येत होता. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. माझं दुःख आणि त्यावर पब्लिक ताल धरून टाळ्या वाजवतंय. दोन दिवसांत त्याचा व्हिडिओ लालबागपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक ग्रुपवर पोचला.

बारी संपल्यावर घरी येऊन मी कडाकडा भांडले. बाबांना कळेना काय बिनसलं. "चाल चांगली व्हती म्हणून घेतली गो," ते म्हणाले. "उगाच कुणाची घेत नाय मी." त्यांच्या मते हे कौतुक होतं आणि मी खूश व्हायला हवं होतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण लोअर परळच्या एका कॅफेत मी ते गाणं म्हटलं, तिथे आलेल्या एका निर्मात्याला ते आवडलं आणि नव्या गायकांच्या अल्बमसाठी त्याने ते निवडलं. माझं पहिलं रेकॉर्डिंग. आठवड्याने त्याचा फोन आला. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला बाबांचा व्हिडिओ दाखवला होता. "आम्हाला भजनाची चाल नकोय, तुमची स्वतःची हवीय," तो म्हणाला. मी सांगितलं की चाल माझीच आहे, वडिलांनी माझी घेतली. तो हसला. "मग वडिलांना तसं सांगू दे की सगळ्यांसमोर."

बाबांनी साफ नकार दिला. "बुवा चालीचा मालक सांगत नाय. समोरच्याला आयतं कोलीत कशाला द्यायचं?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चहाचा कप समोर आदळायचा आणि निघायचं. माझं एकुलतं एक गाणं हातचं जात होतं आणि हे बारीतली अब्रू सांभाळत बसले होते.

लालबागमध्ये बातमी कुणाच्या पोटात राहत नाही. माघी गणपतीला दुपारची बारी होती, आई मला ओढून घेऊन गेली. समोरचा बुवा तयारीतच आला होता. बुवांनी पोरीचीच चाल लाटली, आता पोरगी यांना जेवायला वाढेल का, असं त्याने तालासुरात विचारलं. हॉल फुटला हसून. आता बाबांनी त्याहून झणझणीत टोमणा परत करायचा असतो. सगळे सरसावून बसले.

बाबांनी हात वर करून पखवाज थांबवला. "चाल माझ्या चेडवाची," ते माईकवर म्हणाले. "माका आवडली, घेतली. आता तिचे शब्द पण ऐका."

आणि त्यांनी माझं गाणं म्हटलं. देव न बसवता, पहिल्या ओळीपासून. एक शब्द चुकला नाही. मागे झांजवाले काका खड्या आवाजात झेलत होते, "केस तरी धुतले नसते, केस तरी धुतले नसते." सगळीकडे फोन वर झाले होते. मला हवा होता तो पुरावा मिळत होता आणि मला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं होतं.

आई माझ्याकडे वळली. "कोण गो तो, येवचो नव्हतो?"

मी तिचं तोंड पुढे वळवलं. बाबा तिसऱ्या कडव्यावर आले होते. ते कडवं मी कट्ट्यावर एकदाच म्हणून टाकून दिलं होतं, आणि बाबा ते माझ्यापेक्षा बरं म्हणत होते.