अण्णांच्या पेटीचा मुका सूर

रडू येईल असं काही झालं की बबनराव म्हणायचे, "ताई, वहीत लिवून ठेवा." केडगावच्या वाद्यदुरुस्तीच्या वर्गात मी सात महिने काढले. वहीत कोर्सची पानं चार, बाकी सगळे हे किस्से. सांगते, पण हसू आलं तर माझ्याकडे बघून हसू नका.

आधी मी तिथं कशाला गेले ते. आमचे अण्णा सोनईच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवायचे. गायला पुढे दगडूनाना, अण्णांचे जिवलग मित्र. अण्णांच्या पेटीचा वरचा एक सूर मुका होता. पट्टी दाबली की नुसती हवा. लहानपणी मी अण्णांकडंच पेटी वाजवायला शिकले, तेव्हापासून मागे लागायचे, "अण्णा, दुरुस्त करून आणा की." अण्णा म्हणायचे, "बघू." मागच्या वर्षी अण्णा गेले, आणि मंडळही बसायचं थांबलं. आपल्या बापाला आपण एक सूर दुरुस्त करून दिला नाही, हे मला घास गिळू देईना. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी फॉर्म भरला.

*

फॉर्म घेणारे क्लार्क मला बघून म्हणाले, "पार्लरचा वर्ग वरच्या मजल्यावर." माझ्यामागे बबनराव उभे होते. कर्जतचे, बावन्न वर्षांचे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. गावोगाव डीजे आला आणि त्यांचा बँड बंद पडला. क्लार्कनी त्यांना विचारलं, "काका, या वयात शिकून काय करणार?"

"वाजवून काय झालं ते बघितलं. आता दुरुस्त करून बघतो."

क्लार्क हसले. बबनरावांनी फॉर्म पुढं ओढून सही केली.

*

सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. दिवाळीपर्यंत दोघंच उरलो, बबनराव आणि मी. वर्गात पेटी एकच. कदम सर रोज संध्याकाळी ती बिघडवून घरी जायचे आणि आम्ही सकाळी येऊन ती दुरुस्त करायची. हाच अभ्यासक्रम.

एकदा सर बिघडवायला विसरले. सकाळी पेटी ठणठणीत. आता काय करायचं? सर म्हणाले, "आज तुमीच बिघडवा." दुपारपर्यंत आम्ही दोघं झटलो, मनासारखी बिघडेना. एरवी मेली हात लावला तरी बिघडायची!

शेवटी सरांनी पेटी पुढ्यात ओढली. "एकच सूर बंद पडला पायजे, शेजारच्याला धक्का न्हाई. त्याला पेटी कळावी लागती." रीडखालच्या भोकात चिंधी कुठं आणि किती कोंबायची ते त्यांनी दाखवलं. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. कोर्सच्या चार पानांतलं एक पान ते.

*

रीड म्हणजे पेटीतली पितळेची जीभ. कानशीनं हलकं घासून तिचा सूर लावतात. पहिल्याच खेपेला मी इतकी घासली की जीभ तुटून माझ्या मांडीवर पडली. मी म्हटलं, "सर, जोडता येईल का?"

सर म्हणाले, "घासलेलं पितळ परत येत न्हाई, बाई."

त्या दिवशी सोनईपर्यंत एसटीत मी रडत आले. माझ्या हातून अण्णांची पेटी कायमची जाणार अशी धास्तीच बसली. शेजारची बाई म्हणाली, "सासरी काय तरास हाय का?" मी म्हटलं, "न्हाई, पेटीचा हाय." ती उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

*

सात महिन्यांत बाहेरचं गिऱ्हाईक एकच आलं. दारात टेम्पो थांबला, दोघांनी एक भलामोठा अॅम्प्लिफायर उतरवला. डीजेचा. सर म्हणाले, "हितं वाद्यं दुरुस्त करत्यात." टेम्पोवाला म्हणाला, "मग हे काय हाय? रातभर वाजतंय की!"

सरांना इलेक्ट्रिकचं काही कळत नाही. बबनराव उठले. झाकण उघडलं, धूळ पुसली, एक सुटलेली वायर घट्ट केली. चालू झाला. टेम्पोवाला खूश होऊन म्हणाला, "काका, तुमच्या हातात जादू हाय."

त्या दिवशी बबनरावांनी डबा उघडलाच नाही.

*

परीक्षा घ्यायला जे साहेब आले ते मूळचे वेल्डिंगचे. त्यांनी एक पट्टी दाबली, म्हणाले, "आवाज येतोय. पास." दोघंही पास झालो. निघताना ऑफिसमधून कळलं की वर्ग आता बंद, त्या खोलीत पार्लरचा दुसरा वर्ग बसणार. सरांनी त्या दिवशी पेटी न बिघडवता झाकून ठेवली.

*

घरी येऊन मी अण्णांची पेटी उघडली. मुक्या सुराची रीड काढली तर ती नव्यासारखी, कानशीचा एक ओरखडा नाही. खालच्या भोकात चिंधी होती. कोंबलेली अगदी बेतानं, शेजारच्या सुराला धक्का नाही. अण्णांच्या धोतराचा तो हिरवा काठ मी कुठंही ओळखला असता. ती फेकवेना, म्हणून वहीत ठेवून दिली. सूर मात्र खणखणीत बोलायला लागला.

एकादशीला संध्याकाळी मंडळाला बोलावलं. पेटीवर मी, पुढं दगडूनाना. लोक म्हणाले, पोरीनं बापाचं नाव काढलं. अभंग रंगात आला, नाना त्या सुराकडे चढले, आणि इतकी वर्षं जिथं नुसती हवा निघायची तिथं पेटी बोलली. नानांचा गळा खालीच राहिला. त्यांनी ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा टाळकरी खाली मान घालून बसले होते.

नाना थांबले. पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पोरी, पेटी बिघडली का गं?"

"व्हय नाना," मी म्हटलं. "बिघडलीय. उद्या नीट करते."