डोमाजींची परात

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर डोमाजींनी पहिलं काम केलं ते डफडं फाडायचं. दिग्रसच्या आमच्या वस्तीत त्यांच्यासारखा वाजवणारा नव्हता. मरीमायची मिरवणूक असो की पाटलाघरचं मयत, बोलावणं आलं की जावंच लागे. बदल्यात शिळी भाकर पदरात पडे. वस्तीनं ठरवलं, आता वाजवायचं नाही. डोमाजींनी स्वतः विळा घेतला.

दोन वर्षांनी त्यांची नात नलू तापली. चार वर्षांची पोर. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण पाय उचलेनात. डोमाजींच्या बायकोनं, मथुराबाईनं, कपाळ बडवून घेतलं. "मरीमायले घराबाहेर काढलं, तिनं पोट्टीचे पाय नेले."

"मंग माहे न्यायचे होते," डोमाजी म्हणाले. "म्या फेकली तिले."

यवतमाळच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "याला औषध नाही. पाय रोज हलवा. ती रडते म्हणून थांबलात, तर पाय वाळतील. घरातले सगळे मिळून खेळा, खेळता खेळता हलवा."

पण नलू कुठली खेळते! तिची आई कांताबाई पायाला हात लावायची, की पोर किंचाळायची. मग आईच रडत तिला कडेवर घ्यायची.

एका सकाळी डोमाजी अंगणात बसले होते. समोर पालथी परात होती. बोटं आपोआप चालली. शेजारी निजवलेल्या नलूच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. त्यांनी बोटं थांबवली, अंगठा थांबला. पुन्हा वाजवलं, पुन्हा हलला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की सगळं घर अंगणात उताणं पडू लागलं. परात वाजली की पाय वर. ज्याचा ठेका चुकला त्यानं कोंबड्यासारखं आरवायचं. नलूचा बाप उकंडा रात्रपाळी करून आलेला असला तरी सुटका नव्हती.

"या वयात पाय वर कराले लावता, लाज नाही वाटत?" मथुराबाई म्हणायची.

"तुही लाज कोन पाहून राह्यलं, बुढे? उचल पाय!"

नलू खदखदा हसायची, आणि हसता हसता पाय ओढायची. तीन महिन्यांनी ती भिंत धरून उभी राहिली.

मग धर्मपाल आले. वस्तीचे पंच, बुद्धवंदना तेच सांगत. जुनं नाव टाकून त्यांनी हे नाव घेतलं होतं. अंगणात उभे राहूनच त्यांनी विचारलं, "डोमाजीबुवा, हा ठेका कोनाचा हाय?"

"पोट्टीचा."

"मरीमायचा हाय. पाटलाचे गडी ऐकून हासून राह्यले. म्हनतात, लागले वाजवाले. उद्या डफडं घेऊन दारात उभे राहतीन, तवा काय सांगू?"

"मले दुसरा ठेका येत नाही बापू. दुसरं शिकवलं कोनी?"

"वाजवाचं असन तर वंदनेले येऊ नका."

धर्मपालांचं म्हणणं खोटं नव्हतं, तेच वाईट होतं. डोमाजींनी परात घासून फळीवर ठेवली.

घरानं टाळ्या वाजवून पाहिल्या, गाणी म्हणून पाहिली. नलू हलेना. कांताबाईनं पुन्हा तिला कडेवर घेतलं. असे दोन महिने गेले. एक दिवस पोरीला न्हाऊ घालताना कांताबाईचा हात थांबला. डावी पिंढरी तुरीच्या काडीसारखी झाली होती. डोमाजींनी ती मुठीत धरली. बोटं एकमेकांना लागली. ते उठले आणि फळीवरची परात काढली.

त्यानंतर चार वर्षं ते वंदनेला गेले नाहीत. पलीकडून 'बुद्धं सरणं' ऐकू आलं की आपल्या उंबऱ्यावर हात जोडून बसत. नलूचा उजवा पाय आला. डावा आला नाही. गुडघ्यावर हात दाबून, काठी टेकत ती चालू लागली.

बासष्ट साली धर्मपालांच्या नातवाला तसाच ताप आला आणि पाय लुळे पडले. पाचव्या दिवशी झुंजूमुंजू असताना धर्मपाल दारात. मान खाली. "बुवा, परात घेऊन चाला."

"कायले जाता?" कांताबाई आतून कडाडली. "माह्या लेकराचे दोन महिने इसरले?"

"नाही इसरलो. दोन महिने काय असते, थे मले ठाऊक हाय. म्हनूनच जातो," डोमाजी म्हणाले.

नलू पाय ओढत मागोमाग निघाली.

धर्मपालांच्या अंगणात पोराला सतरंजीवर ठेवलं होतं. डोमाजी म्हणाले, "घरातले सगळे झोपा. तू बी, बापू." धर्मपाल वंदनेच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी मातीत उताणे पडले. शेजारी नलू पडली. परात वाजायला लागली, तोच ठेका. नलूचा उजवा पाय वर गेला, डावा मातीतच राहिला, धर्मपालांच्या डोळ्यांसमोर. ते पाय उचलायचे विसरले.

"आजोबा, तुम्ही चुकले," नलू म्हणाली. "आरवा."

त्यांनी नातवाकडे पाहिलं.

"आरव रे बापू," डोमाजी हात न थांबवता म्हणाले. "पोट्टं पाहून राह्यलं."

धर्मपाल आरवले. पोरगं हसलं. त्याचा अंगठा मात्र हलला नाही.

"उद्या येतो," डोमाजी म्हणाले, आणि परात उचलली.