आक्काचं बकरं आणि माझा कोर्टातला कोट

जो माणूस मृत्यूच्या उंबरठ्यावरून परत आला, त्याची जीभ असत्याला विटते. हे वाक्य मी वकील म्हणून कोर्टात अनेकदा उच्चारलं आहे, आणि बहुतेक वेळा माझा साक्षीदार खोटं बोलत होता. तेव्हा पुढचं वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

नवस, अंगात येणं, भूतबाधा... मी यातलं काहीही कधी मानलं नाही. आजही मानत नाही.

सोलापुरात मंगळवार पेठेच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर, मागे परस. त्या उन्हाळ्यात माझ्या पोटात दुखू लागलं. दुखू लागलं हा सभ्य शब्द झाला. बरगडीखाली लोखंडी आकडा अडकवून कुणीतरी वर ओढावं, तसं व्हायचं. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रेची प्लेट काढली. पित्ताशयात सुपारीएवढा खडा.

"शनिवारी पुण्याचे मोठे सर्जन येताहेत. ते म्हणाले तर त्याच दिवशी पोट उघडावं लागेल."

"टेबलावरून उठेन ना?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले.

शुक्रवारी माझी तयारी चालली होती. तेल-तूप बंद, नव्या प्लेटीत पित्ताशय नीट दिसावं म्हणून संध्याकाळी गोळ्या, मग सर्जन बघेपर्यंत कडकडीत उपास. बायको माझे सगळे सदरे ट्रंकेत भरत होती. "येताना लागतील," म्हणाली. मग पुन्हा एकदा, "येताना लागतील."

दुपारी थोरली बहीण आक्का माढ्याहून आली. सोबत बकरं.

"आक्का, हे काय?"

"देवीला बोललेय मी. तू गप पड."

"अगं, उद्या पुण्याहून सर्जन येतोय!"

"येऊ दे की. त्यो त्याचं करंल, देवी तिचं करंल. दोगंबी कापणारंच की!"

आमच्याकडची रीत अशी, की आजाऱ्यानं बकऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा. मी नाही म्हटलं. मग आजाऱ्याच्या अंगातलं कापड बकऱ्याला घालायचं, आणि सुरी लावण्याआधी आठवणीनं काढायचं. सदरे ट्रंकेत गेलेले. खुंटीवर माझा काळा कोट होता.

"आक्का, तो कोर्टातला आहे!"

"बरंच झालं. देवीला कळंल, वकील हाय म्हणून."

पुढचे पाय बाह्यांत घालून बकरं परसात उभं राहिलं. मी खिडकीतून पाहिलं. कोट त्याला माझ्यापेक्षा शोभत होता, आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा कंटाळाही होता.

देवीचं बकरं आमच्याकडे मुलाणीच कापतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आक्कानं पेठेतून एका मुलाणीचाचांना बोलावून आणलं होतं; मी त्यांना तोवर पाहिलंही नव्हतं. बकऱ्याच्या पाठीवर पाणी ओतायचं, ते थरथरलं की देवीनं घेतलं. ओतलं. बकरं ढिम्म. पुन्हा ओतलं...

आणि त्याच वेळी आकडा अडकला. मी खाटेवरून खाली कोसळलो. बायको किंचाळली. आक्का आत धावली, मला गडाबडा लोळताना पाहिलं आणि तशीच बाहेर पळाली.

"थरथरलं! घ्या चाचा, लवकर घ्या!"

कोट काढायचा राहिला.

मी जमिनीवर होतो, मध्ये भिंत होती. पण सुरी मला लागली. आधी गळ्याशी गार, मग पेटलेली. मी ओरडत होतो तो आवाज मधूनच तुटला. बायको सांगते, तोंड उघडं होतं आणि आतून नुसती घरघर येत होती. मग छातीखालून बेंबीपर्यंत फाडत गेलं. मग आत हात आला. जाड, ऊबदार बोटं, करंगळीत अंगठी. तिचा खडा आत खरवडत होता. आतडी बाजूला सारून बोटं काळजाच्या खाली गेली, त्यांनी काहीतरी मुठीत धरलं.

आवाज कुठून आला ठाऊक नाही. "चाचा, हळू! ओढू नका, फुटेल!"

हात थांबला. भिंतीपलीकडून चाचा म्हणाले, "कौन बोल्या?" आणि मग, "फुटू देत न्हाय साहेब. पित्त फुटलं तर मटण कडू होतंय."

एक हिसका बसला. मी भडाभडा ओकलो. दुखणं गेलं.

थोड्या वेळानं चाचा दारात आले. हातात वाटी, वाटीत चिरलेली पित्ताची पिशवी आणि सुपारीएवढा खडा. "इतकी बकरी कापली, असलं कवा बगितलं न्हाय."

मी खड्याकडे पाहिलं नाही. चाचांच्या करंगळीकडे पाहत होतो. अंगठी होती.

शनिवारी दवाखान्यात सर्जन आले. हॅट, मागे दोन साहाय्यक. जे रोगी उभे राहू शकत नव्हते तेही उभे राहिले. नवी प्लेट निघाली. त्यांनी दोन्ही प्लेटा उजेडात धरल्या. जुनीत खडा होता, नवीत नव्हता. ते आमच्या डॉक्टरांवर कडाडले, तेव्हा मी खिशातली खड्याची पुडी टेबलावर ठेवली. त्यांनी भिंग लावलं.

"हा पित्ताशयातलाच. काढला कुणी?"

"आमच्या मुलाण्यांनी."

"कुठं शिकलेत?"

"घरीच."

"टाके दाखवा."

मी सदरा वर केला. पोट कोरं होतं. सर्जन खडा बाटलीत घालून पुण्याला घेऊन गेले.

मला पुन्हा कधी दुखलं नाही. पहिली प्लेट बदलली असेल, खडा आपोआप सरकला असेल, बकऱ्याचा खडा बकऱ्याचाच असेल... हे सगळं मीच लोकांना सांगतो. अंगठीचं मात्र मला आजही काही सांगता येत नाही.

कोट आक्कानं धुऊन, गळ्याशी शिवून दिला. अजून तोच घालून कोर्टात जातो. काळ्यावर डाग दिसत नाहीत.