उभ्यानं काढलेला एक्स-रे

शनिवार पेठेतल्या एक्स-रे सेंटरमधला टेक्निशियन कायम चिडलेला असतो, पण पेशंटवर कधीच नाही, फक्त नातेवाइकांवर. आमच्या घरात सगळ्यांचीच हाडं कुरकुरतात, म्हणून मला हे चांगलं माहीत आहे.

परवा आईला नेलं. तिची दुसरीकडे काढलेली जुनी फिल्म त्यानं उजेडावर धरली आणि तो भडकला.

"झोपवून काढलाय! अहो, काकू झोपून चालतात का? गुडघ्यावर वजन पडल्याशिवाय कळणार काय, कपाळ?"

त्यानं आईला अनवाणी उभं केलं, धरायला दांडी दिली. नव्या फिल्ममध्ये तिचे गुडघे बाहेर वाकलेले दिसले.

"सगळा भार आतल्या बाजूवर येतोय. तिथली फट संपलीय, हाडावर हाड घासतंय. काकू, फार चालता का?"

"रोज टेकडी चढते. पाय मोकळे होतात म्हणे."

"कोण म्हणतं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो. "चढली नाही की आळशी म्हणतो."

त्यानं फिल्म पाकिटात घालून आईच्या हातात दिली.

"रिक्षा अगदी दारात आणा," तो मला म्हणाला. "आळस करू नका."